पाहुण्यांचं बिस्किट

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्या दप्तरात, वह्यांच्या मागे, एक जुना डबा आहे. डब्यात बावीस बिस्किटं आहेत. ती तुम्हाला खाता येत नाहीत, कारण घरी तुम्ही शब्द दिलाय. टाकताही येत नाहीत, कारण ज्या हातांनी ती दिली ते हात तुम्हाला फार आवडतात. आणि रोज दुपारी त्यात आणखी दोन पडतायत. तुम्ही काय कराल?

लगेच उत्तर देऊ नका. नवी मुंबईतल्या उलव्याच्या गीतूलाही अकरा दिवस उत्तर सापडलं नव्हतं, आणि गीतू काही साधीसुधी मुलगी नव्हती. पाचवीच्या वर्गात तिला सगळे ‘लेबल मॅडम’ म्हणायचे. कुणी मधल्या सुट्टीत पाकीट काढलं की गीतू ते उलटं करायची, मागची बारीक अक्षरं डोळे बारीक करून वाचायची आणि विचारायची, “हे काय आहे माहितीये का तुला? तुझ्या घरात आहे का हे, एखाद्या बरणीत?”

बरणीचा हा नियम तिच्या घरचा. दीड वर्षापूर्वी ठरलेला.

त्याचं झालं असं. गीतूचे बाबा नंदकिशोर बंदराजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला. दिवसभर खुर्ची, समोर कॉम्प्युटर, शेजारी फरसाणाचं पाकीट. दुपारी कपात गरम पाणी ओतून होणारे नूडल्स, संध्याकाळी थंड पेयाची बाटली. आई वैजयंती घरूनच ऑफिसचं काम करून दमलेली असायची, मग रात्रीही काहीतरी पाकीट फोडून गरम करायचं. एकदा ऑफिसातर्फे सगळ्यांची तपासणी झाली आणि बाबांच्या रिपोर्टवर लाल खुणा आल्या. डॉक्टर म्हणाले, “यकृतावर चरबी चढलीय. मी आत्ता गोळी देत नाही. आधी स्वयंपाकघर बदला, आणि महिन्याभरापुरतं नाही, कायमचं.”

त्या दिवशी परतताना बाबा रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. एरवी रिक्षावाल्याशीही गप्पा मारणारा माणूस. गीतूनं त्यांचा हात धरला तर तो हात गार होता. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही.

मग नियम ठरला : ज्यात काय घातलंय ते सगळं आपल्या घरातल्या बरण्यांमध्ये दाखवता येईल, तेच खायचं. तांदूळ, डाळ, गूळ, तेल, दाणे दाखवता येतात. ज्या नावांचा उच्चारही धड करता येत नाही ती कुठल्या बरणीत दाखवणार? कपाटं रिकामी झाली. सॉसच्या बाटलीला बाबांनी रामराम ठोकला तेव्हा आई हसून म्हणाली, “लेकीला सासरी पाठवताय जणू!”

पहिले दोन महिने नुसती तारांबळ होती. हरभरे भिजत घालायला विसरायचं आणि सकाळी एकमेकांकडे बघायचं. शेवटी ते काम गीतूकडे आलं. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ती कडधान्य निवडून पाण्यात टाकायची. मग हळूहळू बसलं सगळं. बाबा पोहे करायला शिकले. महिन्यातून एका रविवारी ते शेजारच्या दोघांबरोबर वाशीच्या एपीएमसी मार्केटला जायचे, ज्वारी आणि दाणे घाऊक आणून वाटून घ्यायचे. एकदा ऑफिसच्या सहलीत पाचगणीच्या वाटेवर बाबांनी वेफर्स खाल्ले आणि घरी येऊन स्वतःच कबूल केलं. सगळे हसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा मुगाची उसळ. वर्षभरानं रिपोर्टवरच्या लाल खुणा कमी झाल्या. डॉक्टर म्हणाले, “छान. पण थांबू नका. परत सुरू केलंत की परत चढेल.”

तेव्हापासून गीतू पहारेकरी झाली. बाबा ऑफिसातून आले की आधी बॅग तपासायची.

“इन्स्पेक्टर आल्या,” बाबा म्हणायचे आणि हात वर करून उभे राहायचे.

आणि अशी ही गीतू बायजाआजीसमोर मात्र पार विरघळली.

बायजाआजी त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. खरं म्हणजे त्या इमारतीची जागाच आजीच्या घरच्यांची. जिथे आता पार्किंग आहे तिथे पूर्वी आजी भात लावायची. मुलानं बिल्डरला जागा दिली, त्या बदल्यात चार फ्लॅट मिळाले. त्यातल्या तळमजल्याच्या फ्लॅटच्या दाराशी खुर्ची टाकून आजी दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत बसायची. नऊवारी गुडघ्यापर्यंत, कानात सोन्याच्या जड कुड्या, आवाज खणखणीत.

दिवाळीनंतर आईच्या बेलापूरच्या ऑफिसनं घरून काम करणं बंद केलं. गीतूची शाळा अडीचला सुटायची, आई साडेपाचला यायची. मधल्या तीन तासांचं काय करायचं?

“माझे इथं बसंल ती,” बायजाआजीनं परस्पर सांगून टाकलं. “मी काय धंद्याला जातंय? पोरीची जात, वर एकटी कनाला ठेवता?”

गीतूला ते तीन तास फार आवडले. आजी तिला खाडीच्या गोष्टी सांगायची. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध कसे घालायचे, खेकडा बोट धरून बसला तर काय करायचं. “वराचा नाय बोट. मुकाट पान्यात सोराचा हात. त्याचा तो सोरतो.” आजीच्या बोलण्यात ‘ड’चा ‘र’ व्हायचा; ‘सोडतो’चं ‘सोरतो’ आणि ‘ओढायचा’चं ‘वराचा’. गीतू आजीला मोबाईलवर फोटो काढायला शिकवायची. आजीच्या सगळ्या फोटोंत तिचा स्वतःचा अंगठा यायचा.

आणि चार वाजता आजी आत जाऊन स्टीलची बशी घेऊन यायची. बशीत दोन क्रीमची बिस्किटं.

पहिल्या दिवशी गीतू म्हणणारच होती, “आजी, आम्ही पाकिटातलं खात नाही.” शब्द ओठांवर आले होते. पण आजी बशी पुढे करत म्हणाली, “माझा बापूस मोऱ्याचे बंदराशी लाँचनी ममईला जायाचा भाजी घेऊन. कवातरी येताना बिस्किटचा पुरा आनायाचा. आमी पाच भावंडा. एकेकाला अर्धा अर्धा. मी माझा अर्धा संध्याकालपत चाटत बसायची. खा गो बाय. तुला दोन हायेत.”

आता सांगा, त्यानंतर लेबल वाचता येतं का?

गीतूनं बिस्किटं घेतली. आजी पाणी आणायला आत गेली तेवढ्यात तिनं ती रुमालात गुंडाळून दप्तरात ठेवली, आणि मग जुन्या डब्यात. कावळ्यांना घालायचा प्रयत्न केला एकदा गच्चीवर. हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. संध्याकाळपर्यंत अर्धं बिस्किट चाटत बसलेली लहानगी बायजा तिला समोर दिसायला लागली.

घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. बाबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, इन्स्पेक्टर बाई, तुमच्याच दप्तरात माल सापडला की!

बाराव्या दिवशी दुपारी गीतू जमिनीवर बसून भूमितीच्या आकृत्या काढत होती. पट्टी पाहिजे म्हणून ती दप्तराकडे वळणार इतक्यात आजीच म्हणाली, “थांब, मी देतंय,” आणि तिनं दप्तर उचललं. घाईत, उलटं धरून. वह्या घसरल्या. त्यांच्यामागून डबा खाली पडला, झाकण उडालं आणि फरशीभर बिस्किटं पसरली. काही अख्खी, काही मोडलेली, क्रीम सुटलेली.

आजी वाकली आणि एकेक बिस्किट वेचून डब्यात भरायला लागली. गीतूही वेचायला लागली तर आजीनं तिचा हात बाजूला केला.

“आजी, मी…”

“माझे हातचा चालत नाय तर सांगाचा व्हता,” आजी म्हणाली. आवाज अजिबात खणखणीत नव्हता. “कालोनीवाल्यांना नाय चालत आमच्या घरचा. म्हाईत हाय मना.”

“तसं नाहीये आजी!”

पण आजीनं डबा बंद करून दप्तरावर ठेवला, खुर्ची उचलली आणि आत गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं गीतूला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दाराशी खुर्ची नव्हती. आजीची सून प्रिया बाहेर आली आणि ओशाळून म्हणाली, “अगं, आईंना जरा बरं वाटत नाहीये. तू आत येऊन बस ना.” पण आजी तिथे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली दारातूनच दिसत होती. गीतू ‘नको’ म्हणाली आणि साडेपाचपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. आईनं तिला तिथे बघितलं आणि मग सगळं बाहेर आलं. डबा, बावीस बिस्किटं आणि रडणं.

“नाही म्हणायला काय झालं होतं?” आई म्हणाली. “मला तर दुकानात दहा जणांसमोर ‘आई, मागे बघ, मागे बघ’ करतेस!”

“तू वेगळी. तू रागावलीस तरी माझीच आई राहणार ना,” गीतू हुंदके देत म्हणाली. “आजी रागावली तर मग माझी कोण?”

आईनं गीतूला जवळ ओढलं.

बाबा डब्यातल्या मोडक्या बिस्किटांकडे बघत होते. “सगळं माझ्यामुळे,” ते म्हणाले. “तुला वाटतंय आजी बिस्किटांसाठी रुसल्या. त्या तेवढ्यासाठी नाही रुसल्या. मागं सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं बघ, तळमजल्यावरून सुक्या मासळीचा वास येतो, बंद करा म्हणून. त्यांच्याच जमिनीवर राहून त्यांनाच. ते त्यांच्या मनात राहिलं असणार. आपणही तसलेच, असं वाटलं त्यांना.”

“मग आता?”

“रविवारी मला सुट्टी आहे. आपण दोघं जाऊ.”

रविवारी अकराच्या सुमाराला दोघं खाली गेले. प्रिया आणि आजीचा मुलगा प्रियाच्या माहेरी गेले होते. आजी घरात एकटी होती. बाबांना दारात बघून ती गडबडली. डोक्यावर पदर घेतला, प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढली आणि ती पदरानंच पुसली.

“या, बसा. पयल्यांदाच आलात.”

गीतूकडे तिनं बघितलंही नाही. ती आत गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग पाकीट फोडल्याचा. आजी बाहेर आली ती तांब्याभर पाणी आणि स्टीलची थाळी घेऊन. थाळीत क्रीमची बिस्किटं गोल मांडलेली, अगदी फुलासारखी. थाळी तिनं बाबांसमोर ठेवली.

“घ्या. हिला देत नाय मी. हिला चालत नाय.”

बाबांचा चेहरा लाल झाला. घरातून निघताना त्यांनी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना. समोर म्हातारी थाळीकडे डोळे लावून उभी होती. बाबांनी एकदा गीतूकडे बघितलं, कसनुसं हसले आणि हात पुढे केला. त्यांनी बिस्किट उचललं.

गीतूला एकदम तो रिक्षातला गार हात आठवला.

“बाबा, थांबा!” ती म्हणाली, आणि मग आजीकडे वळली. “आजी, तुझ्या हातचं चालत नाही असं नाहीये. बाबांना बरं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलंय, पाकिटातलं कायमचं बंद. बाबांना एकट्यानं सोडणं जड जाईल म्हणून आम्ही तिघांनी सोडलं. मी तुला सांगायला पाहिजे होतं. पण तू ती अर्ध्या बिस्किटाची गोष्ट सांगितलीस ना, मग मला नाही म्हणवेना. तुझी होती म्हणून टाकवेनात, आणि पाकिटातली होती म्हणून खाववेनात. म्हणून साठवली. मी खोटं वागले, ते चुकलं माझं.”

आजीनं बाबांकडे बघितलं. “काय झालाय तुमाला?”

बाबांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला. “इथे, यकृतावर चरबी चढली होती आजी. आता बरीच कमी झालीय.”

“मंग हातात काय धरलाय ता?”

“तुमचा मान राहावा म्हणून…”

“माझा मान मोठा का तुमचा जीव मोठा?” आजीचा आवाज पुन्हा खणखणला. तिनं बाबांच्या हातातलं बिस्किट चक्क काढून घेतलं. “येडा रे येडा! पोरगी हाय म्हनून वाचलास. कवरासा बिस्किट, त्याचेपायी बायकोपोरांचा शब्द मोरतो?”

बाबांना हसू आलं. लहानपणी पकडलं गेल्यावर यायचं तसं. गीतूलाही जरासं आलं. पण आजी हसत नव्हती. ती थाळी हातात घेऊन तशीच मधोमध उभी राहिली. पुढे काय करावं ते तिला कळेनासं झालं होतं.

“पन मंग मी देऊ काय तुमाला?” ती हळूच म्हणाली. “घरी आलेल्याला नुसता पानी पाजून धारू? आमच्यात तसा धारत नाय कुनाला. बाहेरच्या मानसाला देयासारका माझेकरं ह्योच हाय. बिस्किट.”

तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला.

“गो बाय, माझी भाकर!” आजी थाळी स्टुलावर टाकून आत धावली. तिच्यामागे स्वयंपाकघराचा पडदा हलला आणि करपल्या वासाबरोबर आणखी एक वास बाहेर आला. खारा, तिखट, खाडीकाठचा. गीतूनं तो असा जवळून कधी घेतला नव्हता. तिच्या घरची माणसं साताऱ्याकडची. मटण खाणारी, पण सुकी मासळी त्यांच्याकडे कधी शिजली नव्हती. तिचं नाक आपोआप आक्रसलं.

आतून आजीनं घाईघाईनं पडदा नीट ओढून घेतला. “तुमी भायेरच बसा हां,” तिचा आवाज आला. “आत वास हाय. जवला भाजलाय. ता आमचा खाना, तुमाला सोसाचा नाय.”

जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी, नखाएवढी, वाळवलेली. गीतूनं ती उरणच्या बाजारात टोपल्यांमधून पाहिली होती. ती पडद्याकडे बघत राहिली. मग सवयीनंच तिनं विचारलं, “आजी, त्यात काय काय घातलंय?”

“काय घालनार?” आजी आतूनच म्हणाली. “जवला. सुकी मिरची, लसून, मीठ. नि दोन दिसांचा ऊन.”

“आणि भाकरीत?”

“तांदलाचा पीठ नि पानी.” तवा खाली ठेवल्याचा आवाज आला. “आनि माझा हात. दुसरा काय असतो भाकरीत?”

गीतूनं मनातल्या मनात एकेक बरणी उघडून पाहिली. मग तिनं बाबांकडे बघितलं. बाबा नुसते भुवया उंचावून बसून राहिले. आता हे तुझ्यावर, असं म्हणत असल्यासारखे.

वास अजून येतच होता. गीतूनं एकदा मोठा श्वास घेतला. नाकानंच, मुद्दाम.

ती उठली. मोरीवर गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. पडदा बाजूला करून ती आत शिरली. आजी ओट्याशी पाठमोरी उभी राहून करपलेल्या भाकरीचा काळा भाग सुरीनं खरवडत होती. भिंतीला दोन पाट टेकवून ठेवले होते. गीतूनं एक उचलून ओट्याजवळ मांडला. दुसरा उचलला, त्यावरचं पीठ आपल्या फ्रॉकनं पुसलं आणि तो पहिल्याच्या शेजारी ठेवला. मग पहिल्या पाटावर मांडी घालून ती बसली आणि आजी वळून बघायच्या आत बाहेर ओरडून म्हणाली,

“बाबा, हात धुऊन आत या! आजी वाढतीये.”